पानातून पोषण : गव्हावरील खतांची फवारणी केव्हा, किती आणि कशासाठी?



आपल्यापैकी पुष्कळांची घरे पलासियात आणि शेते सांवेर, देपालपूर किंवा महूच्या बाजूला आहेत. रविवारी भेट झाली की गव्हाची चौकशी होतेच. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने एक तक्रार हमखास कानावर येते : "गहू पिवळा पडतोय, काय मारू?" दुकानात गेले की निरनिराळ्या रंगांच्या बाटल्या आणि पुड्या समोर येतात. पैसे खर्च होतात, फवारणीही होते. पण पिकाला नेमके काय कमी होते हे कुणी पाहिलेले नसते. म्हणून या धड्यात पानांवाटे खत देण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच पर्णपोषणाचा, विचार करू. तिचा उपयोग मोठा आहे, तशी तिला मर्यादाही आहे. दोन्ही नीट समजल्या तर पैसा वाचेल आणि पीकही सुधारेल.

पान कसे जेवते?

पिकाचे खरे तोंड म्हणजे मूळ. पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये मुळे शोषतात आणि ती देठावाटे वर जातात. पण पानालाही थोडेसे शोषून घेता येते. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. त्यातील अतिसूक्ष्म वाटांतून आणि पर्णरंध्रांतून विरघळलेली द्रव्ये आत शिरतात. द्रावण पानावर जितका वेळ ओले राहील तितके जास्त आत जाते. वाळून पांढरी पूड झाली की शोषण जवळजवळ थांबते. संध्याकाळी फवारावे असे सांगतात, त्याचे कारण हेच. युरिया पानातून लवकर शिरतो. जस्त आणि लोह हळू शिरतात, म्हणून त्यांच्या दोन-तीन फवारण्या कराव्या लागतात.

आधी हिशेब मांडू

पानातून किती भागेल हे कागदावर पाहू. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी सुमारे ४८ किलो नत्र लागते. युरियाचे २ टक्के द्रावण फवारायचे तर एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो युरिया पडतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे एका फवारणीत १ किलो ८४० ग्रॅम नत्र गेले. गरजेचा हा जेमतेम सव्विसावा हिस्सा. द्रावण जास्त तीव्र करावे तर पाने करपतात. "थेंबे थेंबे तळे साचे" ही म्हण इथे लागू पडत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे मुख्य जेवण जमिनीतूनच द्यावे लागते.

आता जस्ताचा हिशेब पाहा. एकरी २० क्विंटल गहू झाला आणि दाण्यात किलोमागे ३० मिलिग्रॅम जस्त धरले, तर दाण्यांतून जाणारे सगळे जस्त ६० ग्रॅम भरते. अर्धा टक्का झिंक सल्फेटच्या एका फवारणीत एकरी १ किलो झिंक सल्फेट, म्हणजे २१० ग्रॅम जस्त पडते. त्यातले सगळे पानात शिरत नाही हे खरे. पण तिसरा हिस्सा शिरला तरी दाण्यांची गरज भागते.

या दोन हिशेबांतच आजच्या धड्याचे सार आहे. जे अन्नद्रव्य पिकाला किलोने लागते ते मुळांना द्यावे. जे ग्रॅमने लागते ते पानातून देता येते.

खैरा रोगाची गोष्ट

आपल्या भागाशी नाते असलेल्या एका शास्त्रज्ञाने हीच गोष्ट देशाला दाखवून दिली. ग्वाल्हेरचे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. तराई भागात भाताची रोपे खुजी राहत आणि पानांवर काताच्या रंगाचे तांबूस ठिपके पडत. शेतकरी त्याला 'खैरा' म्हणत. १९६६ मध्ये डॉ. नेने यांनी दाखवून दिले की हा जंतूंचा रोग नसून जस्ताची उपासमार आहे. उपायही साधा निघाला : हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना पाण्यात मिसळून पानांवर फवारायचा. जी रोपे रोगाने गेली असे वाटत होते ती पुन्हा हिरवी झाली.

त्यातून दोन गोष्टी शिकाव्यात. रोग आणि भूक वरून सारखेच दिसतात, म्हणून औषध मारण्यापूर्वी कारण शोधावे. आणि कारण बरोबर सापडले तर स्वस्त उपायही पुरतो.

पान वाचायला शिका

शेतात उभे राहून पहिला प्रश्न विचारावा : पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या पानांवर? काही अन्नद्रव्ये झाडात इकडून तिकडे सहज सरकतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देते, आणि जुनी पाने आधी पिवळी पडतात. काही द्रव्ये सरकत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानांत दिसते.

१) नत्र : खालची पाने शेंड्याकडून फिकट पिवळी होत जातात, सगळे शेत निस्तेज दिसते, फुटवे कमी येतात.

२) पालाश : जुन्या पानांचे शेंडे आणि कडा भाजल्यासारख्या होतात.

३) जस्त : मधल्या वयाच्या पानांवर मध्यभागी पांढरट, मग तपकिरी डाग पडतात, पान तिथेच मोडून लोंबते, रोपे खुजी राहतात.

४) लोह : कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो; पानावर उभे पट्टे दिसतात.

५) गंधक : कोवळी पाने सरसकट फिकट होतात, शिराही वेगळ्या उठून दिसत नाहीत.

६) मंगल (मँगनीज) : मधल्या पानांच्या शिरांमध्ये करड्या-पिवळ्या रेघा येतात. पंजाबात हलक्या, रेताड जमिनीत भातानंतर गहू घेतात तेथे ही उणीव बरीच आढळते. आपल्या भारी काळ्या मातीत तिचा त्रास कमी.

याशिवाय लक्षात ठेवा की पाणी साचले तरी गहू पिवळा पडतो, कारण मुळांना हवा मिळत नाही. काळ्या मातीत पहिल्या पाण्यानंतर हे नेहमी घडते. तिथे खत फवारण्यापेक्षा पाणी काढून द्यावे आणि वाफसा येऊ द्यावा. पीक आपोआप सावरते.

आपली माळव्याची माती

आपली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पूर्वी इथे पाण्याशिवायही गहू पिकत असे. पण या मातीत चुना असतो आणि ती अल्कधर्मी असते. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाहीत; कोठीत धान्य आहे पण कुलूप लागले आहे, असा प्रकार होतो. त्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू असे वर्षानुवर्षे चालले, शेणखत कमी झाले, आणि पोत्यातून फक्त नत्र-स्फुरद येऊ लागले. देशभरातील मातीच्या नमुन्यांच्या तपासणीत शंभरात सुमारे ३६ नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे.

म्हणून माती परीक्षण आधी करावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आणि गंधक यांचेही आकडे दिलेले असतात. जस्ताचा आकडा ०.६ पेक्षा कमी असेल तर जमीन उपाशी आहे असे समजावे. मग पेरणीपूर्वी एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीत द्यावे. ते दोन-तीन वर्षे पुरते. ते राहून गेले आणि उभ्या पिकात लक्षणे दिसू लागली, तर फवारणीचा आधार घ्यावा.

फवारणीची द्रावणे

खालील प्रमाणे एकरी २०० लिटर पाण्यासाठी आहेत. कंसात १५ लिटरच्या एका पंपाचे प्रमाण दिले आहे.

१) जस्त : झिंक सल्फेट १ किलो (७५ ग्रॅम) आणि चुना अर्धा किलो (सुमारे ३८ ग्रॅम). कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात विरवून ठेवावा. तो उकळून उडतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा. झिंक सल्फेट वेगळ्या भांड्यात विरघळवून मग दोन्ही एकत्र करावे. चुन्यामुळे द्रावणाची आम्लता मरते आणि पान करपत नाही. चुन्याऐवजी अडीच टक्के युरिया, म्हणजे ५ किलो (३७५ ग्रॅम), घातला तरी चालतो. दर १५ दिवसांनी, अशा दोन-तीन फवारण्या कराव्यात. पुडीवरचा मजकूर जरूर वाचावा : २१ टक्के जस्ताचे झिंक सल्फेट असेल तर वरील प्रमाण, ३३ टक्क्यांचे असेल तर सुमारे ६५० ग्रॅमच पुरे.

२) लोह : फेरस सल्फेट (हिराकस) १ किलो (७५ ग्रॅम) आणि लिंबूसत्त्व २०० ग्रॅम (१५ ग्रॅम). द्रावण ताजे वापरावे; तांबूस गंजासारखे झाले तर टाकून द्यावे. चुनखडीच्या जमिनीत हिराकस मातीत घातले तर ते लगेच निकामी होते, म्हणून लोहासाठी फवारणी हाच चांगला मार्ग आहे.

३) युरिया : ४ किलो (३०० ग्रॅम). जिरायत गव्हात वरची माती कोरडी असते, टाकलेले खत मुळांपर्यंत पोचत नाही. तिथे फुटव्यांच्या काळात आणि पोटरीत ही फवारणी उपयोगी पडते. विहिरीचे पाणी आटल्याने वरखताचा दुसरा हप्ता देता आला नाही, तिथेही हाच आधार. युरियात बाययुरेट नावाचे द्रव्य जास्त असले तर पाने करपतात, म्हणून ओलसर, गठ्ठे झालेला जुना युरिया फवारणीस वापरू नये.

४) पोटॅशियम नायट्रेट : ४ किलो (३०० ग्रॅम). फेब्रुवारीच्या शेवटी अचानक ऊन वाढले की दाणा भरत नाही, सुरकुततो. २०२२ च्या मार्चमध्ये देशभर अशीच उष्णता पडली आणि गव्हाचे मोठे नुकसान झाले. पंजाबच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की पोटरीत एकदा आणि फुलोऱ्यात एकदा २ टक्क्यांचे हे द्रावण फवारावे. मात्र त्याच्या जोडीला हलके पाणी देणे आणि मुळात पेरणी वेळेवर करणे, हे अधिक महत्त्वाचे.

वेळापत्रक

१५ नोव्हेंबरच्या आसपास पेरलेल्या गव्हाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुकुटमुळे फुटतात. ते पहिले पाणी चुकवू नये. नाताळच्या सुमारास पीक भर फुटव्यात असते. जस्त किंवा लोहाची लक्षणे असतील तर पहिली फवारणी तेव्हा करावी, दुसरी नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात. जानेवारीच्या मध्यास पोटरी, महिन्याच्या शेवटी ओंब्या आणि फुलोरा, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दाणा दुधात येतो. तारखा जातीप्रमाणे आणि थंडीप्रमाणे पुढेमागे होतील. शेवटी तारीख न पाहता पीक पाहावे.

फवारताना घ्यायची काळजी

१) दुपारी चारनंतर, वारा शांत असताना फवारावे. सकाळी दव असेल तर ते वाळू द्यावे.

२) चार-सहा तासांत पाऊस आला तर फवारणी वाया गेली असे समजावे.

३) जमिनीत ओल असावी. सुकलेल्या पिकावर खार फवारला तर पाने भाजतात.

४) तणनाशकाचा पंप तसाच वापरू नये. तीन वेळा धुवून घ्यावा. शक्य तर वेगळाच पंप ठेवावा.

५) झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र करू नयेत, दोघांचा साका होतो आणि दोन्ही वाया जातात. कोणतेही नवे मिश्रण आधी काचेच्या बाटलीत करून अर्धा तास ठेवावे. गाळ बसला तर पंपात घालू नये.

६) नाकातोंडाला फडके, पायांत बूट, आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ.

७) उरलेले युरियाचे द्रावण बादलीत उघडे ठेवू नये. गाय-म्हैस ते प्यायली तर विषबाधा होऊन दगावू शकते.

८) शेताच्या मधोमध एक पट्टा न फवारता सोडावा. कापणीच्या वेळी त्या पट्ट्यातला आणि शेजारच्या तेवढ्याच जागेतला गहू वेगळा झोडून वजन करावा. तराजू कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलतो.

बाटलीतला युरिया

२०२१ मध्ये इफकोने नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या युरियाच्या पोत्याचे काम करते, असे सांगण्यात आले. वर केला तसा हिशेब करून पाहू. पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. ४ टक्के नत्राच्या त्या बाटलीत २० ग्रॅम, म्हणजे हजारावा भाग. पुढे २० टक्के नत्राची बाटली आली. तिच्यातही १०० ग्रॅमच. कण बारीक असल्याने शोषण चांगले होते हे मान्य केले, तरी दाण्यातले नत्र शून्यातून येत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षे प्रयोग झाले. जमिनीतले निम्मे नत्र कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचे उत्पन्न २१.६ टक्क्यांनी आणि भाताचे १३ टक्क्यांनी घटले. दाण्यातील प्रथिनेही कमी झाली. कंपनी आपल्या प्रयोगांच्या आधारे वेगळे सांगते. आपण एवढेच करावे : बाटली घेतली तरी पोते कमी करू नये, आणि कमी करून पाहायचेच असेल तर एका छोट्या पट्ट्यावर पाहावे, साऱ्या शेतावर नाही. घरचे वर्षाचे धान्य पणाला लावायचे नसते.

आरोग्याच्या दृष्टीने

जस्त गव्हाला हवे तसे माणसालाही हवे. लहान मुलांची वाढ, जखमा भरणे आणि रोगांशी झुंजण्याची शक्ती यांना जस्त लागते. मुलांना हगवण लागली की मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर जस्ताची गोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. हगवण थांबली तरी गोळ्या पूर्ण कराव्यात. आरोग्य केंद्रात त्या मिळतात.

ज्या घरात दोन्ही वेळ पोळी हेच मुख्य अन्न आहे, तिथे गव्हातले जस्त महत्त्वाचे ठरते. भारतासह सात देशांत झालेल्या प्रयोगांत, ओंब्या बाहेर पडताना आणि दाणा दुधात येताना अर्धा टक्का झिंक सल्फेट फवारले, तेव्हा दाण्यातील जस्त किलोमागे सरासरी २७ मिलिग्रॅमवरून ४८ मिलिग्रॅमवर गेले. या उशिराच्या फवारणीने उत्पन्न फारसे वाढत नाही, म्हणून विकायच्या गव्हावर हा खर्च परवडेलच असे नाही. पण घरी खाण्यासाठी राखलेल्या अर्ध्या एकरावर ती जरूर करावी.

दुसरा मार्ग बियाण्याचा. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गहू संशोधन केंद्र १९५१ पासून आपल्या इंदुरातच आहे. तेथे तयार झालेल्या 'पूसा तेजस' (एचआय ८७५९) या कठीण गव्हात जस्त आणि लोह दोन्ही किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या वर भरते. बाफले आणि चूरम्यासाठी हाच गहू लागतो, हे गृहिणींना सांगायला नको.

पाया मातीचाच

शेवटी एक आठवण. पलासियापासून फार लांब नाही अशा कृषी महाविद्यालयाच्या आवारात १९२४ मध्ये सर अल्बर्ट हॉवर्ड यांची संशोधन संस्था उभी राहिली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी उलथून खत करण्याची 'इंदूर पद्धत' तिथे बसवली गेली. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि इंदूरचे नाव जगभरच्या शेतकऱ्यांपर्यंत गेले. आज आपण तोच काडीकचरा आणि नरवाई जाळतो आणि मग पानांवर फवारायला पुड्या विकत आणतो! चांगले कुजलेले खत मातीतले जस्त आणि लोह मुळांना मिळवून देण्यास मदत करते. फवारणी ही आजाऱ्याला दिलेली पेज आहे. रोजचे जेवण नव्हे.

शंका-समाधान

*प्रश्न : फवारणीनंतर किती दिवसांत फरक दिसतो?*
उत्तर : युरियाने चार-पाच दिवसांत हिरवेपणा येतो. जस्त आणि लोहाचा परिणाम नव्याने येणाऱ्या पानांत पाहावा. डागाळलेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही. 'पी हळद आणि हो गोरी' अशी अपेक्षा धरू नये.

*प्रश्न : लक्षणे काहीच नाहीत, तरी शक्ती म्हणून फवारावे का?*
उत्तर : नाही. पोट भरलेल्याला जेवण वाढून उपयोग नाही. तो पैसा माती परीक्षणाला आणि चांगल्या बियाण्याला लावावा.

*प्रश्न : प्रमाण दुप्पट केले तर एकाच फवारणीत काम होईल का?*
उत्तर : पाने करपतील आणि नुकसान होईल. दोन सौम्य फवारण्या एका कडक फवारणीपेक्षा केव्हाही बऱ्या.

थोडक्यात : किलोने लागणारे मातीतून, ग्रॅमने लागणारे पानातून. आधी पान वाचा, मग पुडी फोडा. एक पट्टा कोरा सोडा आणि वजन करा. ही माहिती शेजाऱ्यालाही सांगा. आणि येत्या रब्बीत आपल्या पट्ट्यांची वजने कागदावर लिहून आणा. एकत्र बसून ती पडताळली, तर आपल्या गावांच्या मातीला काय मानवते हे आपल्यालाच कळेल.